भोंगामावशीचं मुकं वाचन

ही गोष्ट कुणालाही खरी वाटणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सांगणाऱ्याच्या घरच्यांनाही ती कधी खरी वाटली नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असंही नाही. समोरची शिंपीणकाकू तर हातातली सुई खाली न ठेवताच ऐकायला बसली आहे. म्हणजे तिचा निम्मा विश्वास त्या सुईत आधीच ओवला गेला. असो. गोष्ट घडली तशीच सांगायची आहे, तिला तिखटमीठ लावायचं नाही. लावायला तिच्यात जागाच उरलेली नाही.

तर भोंगामावशी.

तिचं खरं नाव तिच्या नवऱ्याला ठाऊक होतं, आणि तो जाताना ते बरोबर घेऊन गेला. कापडाच्या गिरणीत, मागांवर उभा जन्म काढलेली बाई. माग चालू असताना काय आवाज होतो, हे ज्यानं ऐकलं नाही त्याला सांगून कळायचं नाही, आणि ज्यानं ऐकलं त्याला सांगितलेलं ऐकू जायचं नाही. रांगेनं माग मांडलेले, आणि प्रत्येकात आडवं सूत ओढणारा धोटा इकडून तिकडे डोकं आपटत धावतो आहे. त्या छपराखाली घरटं केलेल्या कबुतरांची पिलं म्हणे मुकीच निपजायची. घुमायचं कसं हे त्यांना आईकडून ऐकायलाच मिळत नसे.

त्या आवाजात मावशीचे कान हप्त्याहप्त्यानं गेले. आधी कुजबुज गेली, मग पाऊस गेला, मग दारावरची थाप गेली. शेवटी तिचा स्वतःचा आवाज गेला. म्हणजे तो जगाला ऐकू येत होता, तिलाच येत नव्हता. त्यामुळे तो केवढा झालाय हे तिला कळेना. एकदा तिनं गल्लीच्या तोंडाशी उभं राहून मुलाला जेवायला हाक मारली, तर गिरणीची दुसरी पाळी हातातलं टाकून कामावर हजर झाली. तेव्हापासून ती भोंगामावशी.

पण तिला आणखी एक आवाज होता, आणि त्याला आवाज नव्हता. मागांवरच्या बाया एकमेकींशी ओठांनी बोलत. जबडा सैल सोडायचा, ओठ मोठे करायचे, प्रत्येक शब्दाला चेहऱ्यावर ऐसपैस जागा द्यायची. नरड्याला त्रास नाही. खात्याच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला सासूची सगळी कर्मकथा सांगायची, आणि मुकादम मधे उभा राहून दोघींकडे कौतुकानं बघायचा, की काय मन लावून काम करतात! या बोलण्याला त्या ‘मुकं बोलणं’ म्हणत. मुक्या बोलण्यावर लग्नं जमली, मोडली, परत जमली.

तर मावशीचे असे दोन आवाज. एक साऱ्या गावाला ऐकू जाणारा, दुसरा कुणालाच न जाणारा. चारचौघांत वापरायचा जो मधला आवाज असतो, तेवढा तिच्यापाशी नव्हता. आणि गिरणीतून निवृत्त होऊन घरी बसल्यावर नेमका तोच लागायला लागला.

घर चांगलं होतं हो. मुलगा चांगला, सून चांगली, नात हुशार. पण सून भांड्यांकडे तोंड करून बोलायची, मुलगा मोबाइलकडे आणि नात केसांच्या आडून. घरात दिवसभर बोलणं चालू असे आणि मावशीला नुसत्या पाठी दिसत. मग ती विचारायची, “काय म्हणालात?” यावर वरच्या मजल्यावरचा शेजारी खिडकीतून डोकं काढून म्हणायचा, “मी नाही बुवा काही म्हणालो!” मुलगा म्हणायचा, “काही नाही, आई.” एवढं मात्र तिला पाठीवरूनही वाचता येई. ‘काही नाही’ म्हणताना सगळ्यांचे खांदे सारखेच हलतात.

मुलानं कानाचं यंत्रही आणून दिलं होतं. त्याची शिट्टी अशी वाजे की शेजारचा कुत्रा जिना चढून मावशीच्या पायाशी येऊन बसे. तिनं ते बटणांच्या डब्यात ठेवून दिलं. जुनं कपाट विकलं, भाचीचं लग्न ठरलं, मावशीची खाट मधल्या खोलीतून मागच्या खोलीत गेली, हे सारं तिला झाल्यावर कळलं. खाटेचं तर तिच्यावरून उठल्यावर कळलं.

अशीच एकदा दुपारी बाहेर पडली. ऊन मी म्हणत होतं. सावली बघून ती एका दगडी पायरीवर चढली, दार उघडं होतं म्हणून आत गेली, आणि समोरची पाटी वाचून जागच्या जागी उभी राहिली: ‘शांतता राखा.’

आयुष्यात पहिल्यांदा कायदा तिच्या बाजूनं होता.

ते सार्वजनिक वाचनालय होतं. कुणीही यावं, बसावं, वाचावं. लांबच लांब टेबलं, दोन्ही बाजूंनी माणसं समोरासमोर बसलेली, आणि वरच्या खिडक्यांतून उजेड नेमका चेहऱ्यांवर. एकही पाठ नाही! शिवाय कुणालाच काही ऐकू येत नव्हतं, कारण कुणी बोलतच नव्हतं. मावशीला वाटलं, इथं सगळ्यांनाच आपल्यासारखं करून बसवलंय. तिनं एक जाडसं पुस्तक घेतलं आणि बसली. वाचता तिला येत होतं. गिरणीत रात्रशाळा होती तेव्हा शिकली होती.

आता गंमत अशी की वाचनालयात माणसं बोलत नाहीत हे खोटं आहे. ती कुजबुजतात. आणि कुजबुजताना आवाज खाली गेला की ओठ आपोआप मोठे होतात. म्हणजे जे शेजारच्या खुर्चीला ऐकू जात नाही, ते मावशीला हॉलच्या दुसऱ्या टोकावरून छापल्यासारखं स्वच्छ दिसायचं. पहिल्याच आठवड्यात तिला कळलं की भूगोलाच्या कपाटापाशी बसणारा वकील खटले हरतोय आणि परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी अभ्यास करत नाहीये. कितीतरी वर्षांनी ती पुन्हा माणसांत आली होती.

पण माणसांत आलं की माणूस बोलतोच. तिथं घोटाळा झाला.

कोपऱ्यातल्या टेबलावर एक पोरगा एका मुलीला हळूच सांगत होता, “तुझ्याशिवाय मी आजवर कुणाकडे मान वर करून पाहिलं नाही.” मावशी दूर बसली होती. तिनं मान वर केली आणि, मंडळी, भोंगा झाला.

“अगं ए, खोटं बोलतोय तो! परवा ह्याच खुर्चीवर बसून दुसरीला अगदी हेच सांगत होता! ती तुझ्यापेक्षा उंच होती!”

भिंतीवरचं घड्याळ थांबलं. वरच्या फळीवरून ज्ञानकोशाचे जाडे खंड एकामागोमाग खाली उतरले. बाहेरच्या बसच्या ड्रायव्हरनं ब्रेक दाबला आणि उतरून कोण चिरडलं ते बघितलं. मुलगी उठली, पोराच्या डोक्यात शब्दकोश घातला आणि निघून गेली. एवढं झाल्यावर मावशीच्या लक्षात आलं की सगळे आपल्याकडेच बघताहेत, आणि तिला जरा बरंच वाटलं.

इथं ग्रंथपाल आले. हा मनुष्य शांततेच्या बाबतीत फार कडक. दाराच्या बिजागऱ्यांना स्वतःच्या डोक्याचं तेल घालायचे, रबरी तळाचे बूट वापरायचे, आणि शिंक आली तर ती गिळायचे. त्यामुळे त्यांच्या पोटात कायम वारा धरलेला असे. ते मावशीपुढे उभे राहून म्हणाले, “मावशी, तुम्हाला इथं बसता येणार नाही.”

“का? मी काय केलं?” मावशीनं विचारलं. घड्याळ पुन्हा सुरू झालं.

“हळू! हळू बोला!”

“हळू म्हणजे केवढं?”

हळू म्हणजे केवढं हे कानांनी कळतं, आणि मावशीला ते कळायची सोय उरलेली नव्हती. शेवटी ग्रंथपाल ओठांवर बोट ठेवून म्हणाले, “मावशी, एक करा. बोलूच नका. अजिबात. मग बसा खुशाल.”

मावशीनं मान डोलावली. माशाला पोहू नकोस, नुसता पाण्यात राहा, असं सांगितल्यासारखंच होतं ते.

दुसऱ्या दिवशी ती लांबडीला घेऊन आली. लांबडी म्हणजे तिच्या शेजारच्या मागावरची मैत्रीण. तिचेही कान तिथंच राहिलेले. ती या टोकाला बसली, मावशी त्या टोकाला, आणि दोघींनी मनसोक्त गप्पा मारल्या. टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. टाचणी पडलीसुद्धा, ग्रंथपालांनीच पाडून बघितली. मग कोपरखळी आली. बोलताना दर वाक्याला शेजारणीच्या बरगडीत कोपर मारायची तिची खोड, म्हणून तिच्या शेजारची खुर्ची मोकळी ठेवावी लागे. मग मागांवरच्या आणखी तिघीचौघी आल्या. कुणाच्या घरी ऐकणारं नव्हतं, कुणाच्या घरी घरच नव्हतं, नुसती खोली होती.

ग्रंथपालांच्या डोक्यात मात्र भलताच किडा वळवळायला लागला. बायांचे जबडे दिवसभर हलताहेत, आवाज तर नाही. याचा अर्थ एकच: या काहीतरी चघळताहेत. आणि वाचनालयात खायला मनाई. ते लांबडीसमोर जाऊन उभे राहिले.

“तोंड उघडा बघू.”

लांबडीनं उघडलं. आत जीभ आणि मोजके दात.

“कुठं लपवलंत?”

लांबडीनं मावशीकडे बघून ओठ हलवले, “अगं, हा दातांचा डॉक्टर आहे का? विचार की, दाढ काढतो का फुकट.” मावशीला हसू आवरेना. आवाज होऊ नये म्हणून तिनं ते दाबलं, तेव्हा तिच्यासकट खुर्ची टेबलापासून हातभर मागे सरकली.

पुढं ग्रंथपालांना उलगडा झाला, तो एका नियमामुळे. वाचनालयात बसायचं तर समोर पुस्तक हवं. त्यांनी प्रत्येकीपुढे एक एक पुस्तक आणून ठेवलं. बाकीच्यांना वाचता येत नव्हतं. कोपरखळी म्हणाली, अर्थातच ओठांनी, “भवाने, तुला येतं ना वाचता? मग एकटी एकटी काय गिळतेस? आम्हालाही वाढ की!”

आणि मावशीनं वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं, पण मुक्यानं. टेबलाच्या टोकाला बसून, पुस्तक छातीशी धरून, एकेक वाक्य डोळ्यांनी उचलायचं आणि ओठांनी वाढायचं. तेव्हा कुठं ग्रंथपालांना कळलं, की हे चघळणं नव्हे, बोलणं आहे. कादंबरी एका नावाडणीची होती. तिचा नवरा बुडाला असं गाव म्हणतं. ती त्याचे कपडे घालून, त्याची नाव चालवून, माणसं या तीरावरून त्या तीरावर पोचवत राहते, आणि वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. बाया पुढे झुकून मावशीच्या तोंडाकडे बघत. नावाडणीचं बिंग फुटायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी मिळून श्वास आत ओढला. खिडकीचा पडदा आत आला, आणि श्वास सोडेपर्यंत आतच राहिला.

हळूहळू इतरांनाही चटक लागली. रोज बघून बघून माणसाला काय येत नाही? अभ्यास न करणारी मुलगी आता नावाडणीचा अभ्यास करू लागली. खटले हरणारा वकील मावशीसमोर येऊन बसू लागला. रस्त्यापलीकडे न्हाव्याचं दुकान होतं, त्याला खिडकीतून मावशीचं तोंड दिसे. नावाडणी पुरात सापडली त्या दिवशी त्यानं एका गिऱ्हाइकाची अर्धी मिशी आणि पूर्ण भुवई काढली.

“रस्त्यापलीकडून ओठ दिसले त्याला?” शिंपीणकाकू विचारते आहे.

न्हाव्याची नजर ती, काकू. मानेवरची लव ज्याला दिसते त्याला ओठ दिसणार नाहीत? पुढं ऐका.

ग्रंथपालांची आता वेगळीच पंचाईत झाली होती. त्यांच्या उभ्या नोकरीत इतके शांत वाचक त्यांना कधी मिळाले नव्हते. बायांना हाकलावं तर कारण नाही, आणि मनातून त्यांनाही नावाडणीचं पुढं काय होतं याची टोचणी लागलेली. ते कपाट पुसायच्या निमित्तानं रोज मावशीसमोरचंच कपाट पुसायचे. त्या कपाटाचा रंग गेला.

पण चांगल्या दुधात विरजण पडायला एक थेंब पुरतो. तो थेंब म्हणजे पेन्शनर. हे गृहस्थ सकाळी दार उघडायच्या आधी पायरीवर असत आणि सगळी वर्तमानपत्रं जाहिरातींसकट वाचून काढत. त्यांची ठरलेली खुर्ची होती. एके दिवशी तिच्यावर कोपरखळी बसलेली सापडली. त्यांनी “उठा” म्हटलं, तिनं ऐकलं नाही. ऐकू आलंच नव्हतं तिला. ते शेजारी बसले आणि तिथं एक प्रकरण संपेपर्यंत बरगड्या शेकून घेऊन उठले. उठले ते थेट ग्रंथपालांकडे.

“वाचनालय कुणासाठी असतं?”

“वाचकांसाठी.”

“ह्या बाया वाचतात? एक वाचते आणि बाकीच्या तिचं तोंड बघतात! तोंडं बघायची तर बागेत जा म्हणावं.”

“बागेत गोंगाट असतो हो,” ग्रंथपाल म्हणाले.

“बहिऱ्यांना गोंगाट कसला? ते काही नाही. मी वाचनालयाच्या अध्यक्षांच्या कानावर घालतो. स्वतः येऊन बघू देत.”

हे सारं बोलणं हॉलच्या दुसऱ्या टोकाला मावशीनं वाचलं. त्या दिवशी तिनं एक पान दोनदा वाचलं आणि कुणी तिला हटकलं नाही. बाकीच्यांनी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, “काही नाही.” आणि तिच्या लक्षात आलं की आपलेही खांदे तसेच हलले.

अध्यक्ष यायच्या दिवशी ग्रंथपालांनी मावशीला दारातच गाठलं. आता ते तिच्याशी बोलताना चेहरा उजेडात धरायला शिकले होते.

“मावशी, आजचा दिवस तुम्ही सगळ्या तळघरात बसा. जुन्या वर्तमानपत्रांची खोली आहे. तिथं कुणी जात नाही. अध्यक्ष वर चक्कर मारतील, चहा घेतील, जातील.”

मावशीला ते आवडलं नाही. लपायचं तर घरी मागची खोली होतीच की. पण कादंबरीचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं. नाव मधल्या पाण्यात, धुकं दाटलेलं, आणि पैलतीरावरून कुणीतरी नावाडणीला तिच्या खऱ्या नावानं हाक मारतं आहे. कोण, ते पान उलटल्याशिवाय कळणार नव्हतं. बाया जिना उतरून खाली गेल्या.

खोलीला खिडकी नव्हती. छतापर्यंत वर्तमानपत्रांचे गठ्ठे, मधे एक टेबल, वर एक दिवा. दार लावलं की बाहेरचा कवडसाही आत येऊ नये अशी बांधणी. जुना कागद उन्हानं पिवळा पडतो म्हणून. मावशी दिव्याखाली बसली, बाया भोवती बसल्या, आणि पुस्तक उघडतं न उघडतं तोच दार उघडलं. पेन्शनर पुढे, अध्यक्ष मागे, आणि सगळ्यात मागे ग्रंथपाल, चेहरा पडलेला.

“बघा!” पेन्शनर म्हणाले. “इथं लपवून ठेवलंय!”

अध्यक्ष हा भारदस्त गृहस्थ. सूट, चकचकीत बूट, डोक्यावर दाट काळे केस. ते सगळ्यांकडे बघत उभे राहिले. आणि इथं बायांनी अशी चूक केली, जी मागांवरच्या बायाच करू शकतात. आपलं मुकं बोलणं आपल्याशिवाय कुणाला कळत नाही, ही त्यांची जन्माची खात्री. वरच्या हॉलनं ती केव्हाच खोटी ठरवली होती, पण खात्री ती खात्री.

“हा अध्यक्ष?” लांबडीनं ओठ हलवले. “हा तर तांदळाच्या पोत्याला टाय बांधल्यासारखा दिसतो.”

“पोत्याला टोप असतो का?” कोपरखळी. “नीट बघ डोक्याकडे. टोप आहे. कोंबडीसारखा बसवलाय.”

“उडू नये म्हणून श्वास धरून उभा आहे बिचारा.” लांबडी पुन्हा.

बाकीच्यांच्या खुर्च्या हसून हसून मागे सरकायला लागल्या. अध्यक्षांचा चेहरा दगडासारखा. मग तो दगड हलला. जबडा सैल सुटला, ओठ मोठे झाले, आणि कुठलाही आवाज न होता त्यांवर शब्द उमटले:

“टोप नाही. केस माझेच आहेत.”

लांबडी सगळ्यांत आधी सावरली. म्हणाली, “मग तर आणखीच वाईट.”

अध्यक्षांची आई मागांवर होती. हे त्यांनी पुढं कुणाला सांगितलं नाही आणि मागंही नाही. पण असं स्वच्छ मुकं बोलणं माणूस कॉलेजात शिकत नाही. ते आईच्या तोंडाकडे बघत लहानपणीच येतं. पेन्शनरांना यातलं काही दिसलं नाही. ते आपलं घोडं दामटत होते.

“विचारा यांना, वाचता येतं का! मी सिद्ध करतो.” त्यांनी गठ्ठ्यातलं एक वर्तमानपत्र ओढून लांबडीपुढे धरलं. “हं, वाचा.”

लांबडीनं कागदाकडे पाहिलं आणि ती मोठ्यानं बोलली. तिचा मोठा आवाज मावशीच्या मानानं काही नाही. नुसते वरचे दोन गठ्ठे कोसळले. “मी कशाला वाचू? ती वाचते की. स्वयंपाक एकीनं केला म्हणून बाकीच्या उपाशी राहतात का?”

“म्हणजे कबूल!” पेन्शनर अध्यक्षांकडे वळले. “स्वतःच्या तोंडानं सांगितलं. वाचक नाहीत. आता तुम्ही बोला.”

सगळे अध्यक्षांच्या तोंडाकडे बघायला लागले. नियम पेन्शनरांच्या बाजूनं होता, आणि अध्यक्षांचा बराचसा भारदस्तपणा नियमांवरच उभा होता.

मावशी उठली. छातीत भोंगा भरून आला. एकदा सोडला की या माणसांना काय ते कळलं असतं, आणि वरच्या हॉलचं छपरही बहुधा खाली आलं असतं. ग्रंथपालांनी डोळे मिटून घेतले. पण मावशीनं तो गिळला. अध्यक्षांसमोर जाऊन, चेहरा उजेडात धरून, तिनं मुक्यानंच सांगितलं:

“तुम्ही काढलंत तर मी घरी जाईन. घर चांगलं आहे माझं. पण तिथं सगळ्यांच्या पाठी आहेत. इथं तोंडं दिसतात.”

पेन्शनर एकदा इकडे, एकदा तिकडे पाहू लागले; त्यांना वाटलं बाईला झटका आला.

“कुठवर आलंय?” अध्यक्षांनी मुक्यानं विचारलं.

“शेवटचं प्रकरण. पैलतीरावरून कुणीतरी हाक मारतंय.”

“कोण?”

“तेच वाचायला बसलो होतो, तर तुम्ही आलात.”

अध्यक्षांनी कोटाचं बटण सोडलं, गठ्ठा ओढला आणि त्याच्यावर बसले. ग्रंथपालही बसले. पेन्शनर तेवढे उभे राहिले, पण जिन्याकडेही गेले नाहीत. ग्रंथपालांनी मागं हात करून दार लावून घेतलं. मावशीनं पान उलटलं.

आणि दिवा गेला.

नुसता त्या खोलीतला नाही; साऱ्या पेठेची वीज गेली. आणि अंधार तरी कसला! डोळ्यात बोट घातलं तरी बोट दिसू नये. स्वतःचं नाक स्वतःला चाचपून शोधावं लागावं. एका गठ्ठ्याखाली झोपलेलं मांजर घाबरून दुसऱ्या गठ्ठ्याला जाऊन आपटलं, असा अंधार. दुसरी कुणी असती तर पुस्तक मिटून बसली असती. पण मावशी थांबली नाही. तिनं त्या अंधारात, पहिल्यासारखंच, आवाजाचा टिपूसही न काढता, पुढचं पान वाचलं. धुक्यातून नाव पुढं गेली. कोपरखळीचं कोपर हवेत थांबलं. हाक जवळ आली, आणखी जवळ आली, आणि हाक मारणारं माणूस कोण ते कळलं तेव्हा लांबडीनं बाहीला डोळे पुसले, ग्रंथपालांनी आयुष्यात पहिल्यांदा हुंदका बाहेर सोडला, आणि पेन्शनर, ज्यांनी कुणाच्या ओठांकडे कधी धडपणे पाहिलंही नव्हतं, मटकन खाली बसून म्हणाले, “अरेरे, ती होती होय!” शेवटची ओळ झाली. मावशीनं पुस्तक मिटलं. तेव्हा अध्यक्ष उठून उभे राहिले, तिच्याकडे वळले, आणि त्या काळ्याकुट्ट अंधारात, एक शब्दही न उच्चारता, ओठांनीच निकाल दिला: “ह्या बाया इथंच बसतील. वरच्या हॉलमध्ये. उजेडात.” आणि तो निकाल, मंडळी, पेन्शनरांसकट प्रत्येकानं आपापल्या डोळ्यांनी अगदी स्वच्छ...

“थांबा, थांबा!” शिंपीणकाकूनं सुई खाली ठेवली आहे. “डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नव्हतं म्हणालात ना आत्ताच? मग ओठ काय कंदिलासारखे पेटले होते सगळ्यांचे?”